वर घ्यावा की वगळावा

४ फेब्रुवारी

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वसतिगृहाच्या टाकीचं प्रकरण एकदाचं मिटलं हे वाचून बरं वाटलं. इथे छापखान्यात रोलर पुन्हा बिघडलाय, आणि मीही त्याच्यासारखाच झालोय. फिरतो, पण छाप उमटत नाही.

लिहायचं कारण मात्र वेगळं आहे. आमच्या चित्रपट मंडळाला टाळं लागायची वेळ आलीय, आणि ती आणलीय तुझ्या यजमानांनी.

तुला आमची पद्धत माहीत आहे. वर्षातून एकदा प्रत्येक सभासद आपल्या आवडीचे दहा सिनेमे क्रमाने लिहून देतो, मी बेरीज करतो, मग सगळे बसून भांडतात आणि ठरलेली क्रमवारी पुस्तिकेत छापली जाते. भांडण व्हायचंच, लोक त्यासाठीच तर येतात. विनोदी सिनेमा युद्धाच्या सिनेमाच्या वर कसा, यावरून गेल्या वर्षी दोन निवृत्त गृहस्थांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलं होतं. पण यंदाचं काही वेगळंच झालं.

यंदा गाडी अडली दीपगृहाच्या सिनेमावर. तोच, म्हातारा रखवालदार, बोट चुकलेली बाई आणि दोन तास समुद्र. भावोजींनी तो पहिला ठेवला होता, पण बेरजेत तो खाली गेला होता. आपल्या दातांच्या डॉक्टरीणबाई मागच्या रांगेतून म्हणाल्या की हा सिनेमा वर घ्यावा. बस, एवढंच. भावोजी ताडकन उठले आणि त्यांच्यावर असे काही तुटून पडले की विचारू नकोस. म्हणाले, दिवसभर लोकांच्या जबड्यात बघणाऱ्या माणसाला समुद्र काय दिसणार! अगं, बाई त्यांच्याच बाजूने बोलत होत्या. सगळे एकदम समजवायला लागले, पण यांनी हात झटकला. मी बाही ओढली, तर मला म्हणाले की तूही त्यांच्यातलाच. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा, आणि पाठोपाठ त्यांच्या ओळीतल्या सगळ्यांचा.

खोटं वाटेल, पण भावोजींचं हल्ली असंच चालतं. नव्या सिनेमाला त्यांच्या यादीत जागाच नाही. त्या कोर्टकचेरीच्या सिनेमातला शब्दन् शब्द त्यांना पाठ होता ना, तोही यंदा त्यांनी काढून टाकला. लोक मागे हसतात, नकाशे काढणाऱ्या या कंपासरावांचं घड्याळ बंद पडलंय म्हणतात. सभासद असेच गळत राहिले तर वाचनालयवाले मंडळाला दिलेली वरची खोली परत मागतील, त्यांना तिथे जुनी कपाटं ठेवायची आहेत. तू दोन शब्द सांग त्यांना. मी हात टेकले.

लोभ आहेच. दमलेल्या माणसाचा म्हणून थोडा जास्त धर.

तुझा,
धाकटोबा


११ फेब्रुवारी

चि. धाकटोबास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि टेबलावर डोकं ठेवून बसले. अरे, इथे मला श्वास घ्यायला फुरसत नाही. मुलींचे गिझर चालत नाहीत, स्वयंपाकीण सुट्टीवर, कुणाचे पालक भेटायला येतात ते माझ्यावर ओरडायलाच. त्यात आता तुमचं दीपगृह.

तू म्हणतोस दोन शब्द सांग. कसे सांगू? फोन केला की तुझे भावोजी हो हो, बरं बरं करतात आणि ठेवून देतात. वर्ष झालं या गोष्टीला. म्हणतात लाइन खराब असते, तू पत्रच लिहीत जा, पत्रातली तू मला जास्त आवडतेस. आधी मी हुरळून गेले. या वयात नवरा पत्र मागतो म्हणजे काय थट्टा आहे का! मग हळूहळू मनात दुसरंच यायला लागलं. बायकोचा आवाज नको झालेला माणूस दुसरं काय सांगेल?

गेल्या खेपेला घरी आले होते तेव्हाचं तुला सांगितलं नव्हतं. शनिवारी मी आतून तीनदा हाक मारली, यांनी मान वर केली नाही. माझं पित्त खवळलं. ठरवलं, उद्या दिवसभर बोलायचंच नाही. रविवार सबंध मी तोंडातून ब्र काढला नाही. यांना पत्ताच नाही! हे ड्रॉइंग बोर्डावर कुणाच्या तरी बंगल्याचे जिने काढत बसले, मी समोर ठेवलेला चहा पिऊन हसले, आणि संध्याकाळी म्हणाले की आजचा दिवस किती छान गेला. परतताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. रागाने नाही रे, थकव्याने.

तरी तुझ्याखातर त्यांना मंडळाबद्दल सविस्तर लिहिलं आहे. तुझा रोलर दुरुस्त करून घे, आणि स्वतःलाही.

आठवण ठेवत जा, हेच मागणं.

तुझी,
ताई


१६ फेब्रुवारी

सौ. अधीक्षिकाबाईंच्या सेवेशी,
स. न. वि. वि.

तुझं पत्र आलं. मंडळाबद्दल मी लिहिणार नव्हतो, पण तू एक बाजू ऐकलीस, तर दुसरीही असू दे.

डॉक्टरीणबाईंनी भर सभेत सांगितलं की दीपगृहाचा सिनेमा वगळावा. वगळावा! मी तो पहिल्या क्रमांकावर ठेवला होता हे त्यांना ठाऊक होतं. आवडत नसेल तर खाली ठेवा, पण यादीतूनच काढायचा म्हणजे काय? मी बोललो ते जरा जास्त झालं, हे मान्य. पण नंतर सगळा घोळका माझ्यावरच ओरडायला लागला. तुझा भाऊसुद्धा.

मला आता या सगळ्याचा शीण येतो. हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. सिनेमातले नटही तसेच, घास तोंडात धरून बोलल्यासारखे. कचेरीत नवे इंजिनीयर आलेत, ते पाठ करून खिडकीशी उभं राहून सूचना देतात. परवा एका जिन्याचा वळणावरचा चौक माझ्याकडून उलट्या बाजूला काढला गेला. साहेबांनी सगळ्यांदेखत झाडलं. ते मात्र अगदी स्वच्छ ऐकू आलं.

मंडळ सोडावं म्हणतो. घरी बसून तुझी पत्रं वाचेन. तुझं अक्षर अजून पूर्वीसारखंच उजवीकडे कललेलं आहे, ते बघून बरं वाटतं. तिकडे फार दगदग करू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुझाच


२१ फेब्रुवारी

चि. धाकटोबास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र कुणाला दाखवू नकोस.

तू लिहिलंस, बाई म्हणाल्या वर घ्यावा. हे लिहितात, बाई म्हणाल्या वगळावा. आधी वाटलं, दोघांपैकी एक जण मला बनवतोय. मग दार लावून दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहिले. वर घ्यावा. वगळावा. पुन्हा जरा पुटपुटत म्हटले. धाकटोबा, मागच्या रांगेतून, पुसट ऐकणाऱ्याला यात फरक तो काय?

मग बसल्या जागी एकेक गोष्ट उलगडत गेली. आतून मारलेल्या हाका. फोनवरचं हो हो. तो माझा अबोल्याचा रविवार. सगळं जग तोंडातल्या तोंडात बोलतंय म्हणे! नवे सिनेमे यादीत नाहीत, कारण ते त्यांनी नुसते पाहिलेत. कोर्टाचा सिनेमा काढून टाकला, कारण त्यात बोलण्याशिवाय काही नाही. आणि दीपगृहाच्या सिनेमात म्हातारा उभ्या सिनेमात चार वाक्यं बोलतो.

मी वर्षभर रुसून बसले होते. कुणावर, तर ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यावर.

माझं एक काम कर. त्यांच्या कचेरीत जा, पाठीमागून साध्या आवाजात काहीतरी बोल आणि मला कळव. माझं चुकत असेल तर देव पावला. मला रजा मिळायला पुढचा महिना उजाडेल.

तुझ्यावर भरवसा आहे, आणि मायाही.

ताई


२६ फेब्रुवारी

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो.

जेवणाची सुट्टी होती, कचेरीत भावोजी एकटेच. दाराकडे पाठ करून बोर्डावर वाकले होते. मी अगदी मागे, हातभर अंतरावर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो की भावोजी, तुमचा सिनेमा पहिला आला. ते रेघ मारत राहिले. मग जरा मोठ्याने म्हणालो की डॉक्टरीणबाई परत आल्या. रेघ पुरी झाली, त्यांनी पट्टी सरकवली, दुसरी सुरू केली. तिसऱ्यांदा बोलायला माझी जीभ रेटेना. चोरासारखं वाटलं. माणूस स्वतःच्या घरात निवांत बसलाय आणि आपण खिडकीतून डोकावतोय, तसं.

मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो. मग दाराचा धाडकन आवाज करून, पुढून वळसा घालून आत गेलो. मला बघून ते दचकले, मग हसले, आणि माझ्या ओठांकडे बघत राहिले. इतके दिवस मला वाटायचं की भावोजी किती लक्ष देऊन ऐकतात!

कानांचा विषय काढलाच नाही. रोलरचं रडगाणं सांगितलं, ओठ हलवून, सावकाश. ते बरोबर ठिकाणी हसले.

त्यांच्या मागे त्यांच्यावर हसणाऱ्यांत मीही होतो, ताई. आता तूच त्यांना लिही. मला जमणार नाही. पुस्तिका थांबवून ठेवली आहे.

तुझा,
धाकटोबा


१० मार्च

सौ. अधीक्षिकाबाईंस,
स. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. रागावलो होतो. मग राग कुणावर, तेच कळेना, आणि दमून सोडून दिला.

तुझं बरोबर आहे. आधी पाखरं गेली, मग घड्याळाची टिकटिक, मग तुझा फोनवरचा आवाज. आवाज यायचा, शब्द यायचे नाहीत. कुणाला सांगितलं असतं तर कचेरीत मला नकाशांच्या गठ्ठ्यांवरची धूळ झटकायला बसवलं असतं. आणि तुला सांगितलं असतं तर तू बदली मागून, होतं ते सोडून धावत आली असतीस. म्हणून म्हटलं, रेटू. ऐकू येतंय असं दाखवणं हे फार कष्टाचं काम आहे. कचेरीतून घरी आलो की चपला काढायचं त्राण नसे. तुझ्याशी अबोला धरायची ताकद मला कुठली!

मंडळात तर दर आठवड्याला हजेरी लावायचो. पडद्याकडे थोडा वेळ, लोकांच्या चेहऱ्यांकडे जास्त. ते हसले की हसायचं. अशा सिनेमांना मी क्रमांक कसा देणार? आवडले म्हणणं खोटं, आणि नाही आवडले म्हणणंही खोटंच.

काल डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेलो. रुग्ण बसले होते, त्यांच्यात रांग लावून बसलो. बाईंनी आत बोलावलं आणि काहीतरी विचारलं. तोंडावर मास्क, मला काय कळणार! मी उभाच. त्यांना वाटलं असेल, हा आता इथेही भांडतो की काय. शेवटी मी सांगून टाकलं की बाई, मला ऐकू येत नाही, तुमचं तोंड दिसलं तर कळेल. हे वाक्य मी पहिल्यांदाच कुणाला बोललो. त्यांनी मास्क खाली घेतला. मग खुर्ची पुढे ओढून, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या की मी म्हटलं होतं, वर घ्यावा. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या की माफी राहू द्या, जबडा उघडा, आलाच आहात तर दाढ बघते. दाढ किडलेली निघाली.

त्यांच्याच ओळखीच्या कानाच्या डॉक्टरकडे पुढच्या आठवड्यात जायचं आहे. तू असशील तर बरं होईल.

ओढ आहे तशीच राहो.

तुझाच


९ एप्रिल

चि. धाकटोबास,
अनेक आशीर्वाद.

काल पोचले. खोलीवर आल्या आल्या बिघडलेल्या गिझरनी स्वागत केलं. पुस्तिका प्रवासातच वाचून काढली. छपाई सुरेख झालीय. दीपगृह तिसरं, चला, भांडून एवढं तरी मिळवलंत. मंडळात परतलेल्या बाई आणि हे आता समोरासमोर खुर्च्या टाकून भांडतात, आणि भांडणात प्रत्येकाने सावकाश बोलायचं असा नियम झालाय म्हणे. त्यामुळे सभा दुप्पट लांबते, ही तुझी तक्रार यांच्याकडून कळली. लांबू दे. तेवढीच वाचनालयवाल्यांची कपाटं बाहेर राहतील.

कानातलं यंत्र बसवलं त्या दिवशी तू बाहेर बाकावर होतास. आत काय झालं ते सांगायचं राहून गेलं. डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं की गेलं ते सगळं परत येणार नाही. उजवा कान जवळजवळ संपलाय. डाव्यात जे उरलंय ते यंत्राने थोडं मोठं होईल, आणि नको ते आवाजही मोठे होतील. हे मान हलवत होते. घरी येताना कपाळ धरून बसले. भोंगे, मोटारी, माझ्या चपला, सगळंच अंगावर येतं म्हणाले. अर्ध्या वाटेत यंत्र काढून खिशात ठेवलं. कचेरीत त्यांनी स्वतःहून सांगून टाकलंय. नवे इंजिनीयर आता कागदावर लिहून देतात, साहेब अजून काही बोलले नाहीत. बोलतील तेव्हा बघू.

निघायच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट तुला सांगते आणि थांबते. आम्ही गॅलरीत बसलो होतो. यंत्र कानात होतं. आणि मला एकदम बोलायलाच यायला लागलं, धाकटोबा. वसतिगृहाचं, पालकांच्या ओरडण्याचं, एकटीने जेवण्याचं, वर्षभर मनात काय काय वाईट येत होतं त्याचं. किती दमलेय ते. बदलीचा अर्ज लिहून ठेवलाय आणि दिलेला नाही, तेही. अंधार पडला तरी मी बोलतच होते. हे मान कलती ठेवून, माझ्याकडे बघत, एकदाही मध्ये न बोलता ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार.

म्हणाले की निम्मं कळलं. अंधारात ओठ दिसेनात, आणि तू उजव्या बाजूला बसलीस. उद्या सकाळी गाडीच्या आधी डाव्या बाजूला बसून सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगशील का?

मी सकाळी लवकर उठले आणि पुन्हा सगळं सांगितलं.

बदलीचा अर्ज आज दिला. तुझ्याकडचा लोभ असाच येत राहू दे, इकडून चालू आहेच.

तुझी,
ताई