टेकडीवरच्या तिघी

फाल्गुन वद्य २, फसली १३२६

काम बंद! केजहून मोमिनाबादला जाणारा आमचा रस्ता या टेकडीशी येऊन अडला. मुरूम काढताना खाली कातळ लागला, आणि त्यात कोरलेली तीन थडगी. माणूस निजेल एवढी, वर दगडी झाकणं. बंकट मुकादमानं पहारच टाकली — "साहेब, आमी न्हाई हात लावणार!" मग पावसाळ्याआधी रस्ता मी एकट्यानं करू का?

वद्य ४

मेलेल्यांना इतके वारस असतात हे ठाऊक नव्हतं! सकाळी मोहनराव पाटील — "हे आमचे मूळपुरुष. म्हंजे टेकडी आमची." दुपारी दर्ग्याचे मुजावर — "हमारे बुजुर्गां हैं." म्हणजे टेकडी दर्ग्याची! पुरखे नावाला, हवी आहे ती जमीन.

वद्य ५

दिवसभर तोंडातोंडी. डोकं उठलं.

वद्य ७

तहसीलदारसाहेब आले. पंचांसमोर झाकणं काढली. मूळपुरुष कुठले! तिन्ही बायका. हातांत शंखाच्या बांगड्या, उशाशी काळी-तांबडी मडकी. फार जुनं असावं. कुठले लोक, साहेबांनाही सांगता येईना. दोघींच्या कुशीला कातळातच लहानसा खळगा कोरलेला, आत इवली इवली हाडं. तिसरीला खळगा नाही. तिचं मूल पोटातच राहिलेलं.

"बाळंतपणात गेलेल्या, म्हंजे हडळी," कुणीतरी पुटपुटलं. झालं! मोहनराव घोड्यावर बसले. मुजावरांना नमाज आठवली. परवापर्यंत हक्क सांगत होते, आज मागं वळून बघेनात! साहेबांचा हुकूम — हाडं उचला, अमावास्येनंतर सुरुंग लावा.

वद्य ९

मोहनरावांची आई, भिवराबाई, सकाळपासून थडग्यांच्या कडेला बसून. आता हे आणखी! वैतागून उठवायला गेलो. म्हातारी त्या लहान खळग्यातून हात फिरवत होती. "किती गुळगुळीत केलंय बघ की रे."

मग माझ्याकडं न बघताच बोलली. "माजी वच्छी पहिलटकरीन गेली. मसनातून येताना लोक वाटंवर राळ्याचं दाणं टाकत आले, तिनं परत येऊ न्हाई म्हून. माजी लेक, अन् मलाच तिचं भ्या घातलं! घरात नाव घेऊ दिलं न्हाई. ह्या लोकांनी बघ — एवढा कातळ फोडला, लेकरू कुशीत दिलं, मग निजवलं."

तंबूत आलो. सुरुंगाची दारू सर्दावली असं वर कळवून टाकलं. धडधडीत खोटं. पुढं काय करायचं, सुचत नाही.

फाल्गुन अमावास्या

मोहनराव आले. एकटे, पायी. म्हणाले, "रस्ता माझ्या रानातून न्या. त्यांना हलवू नका."

आईंचं विचारलं. वळून त्या थडग्यांकडं बघितलं. मग —

"घरीच हाय. वच्छीचं नाव घेऊन रडायलीय. आज कुणी गप केलं न्हाई तिला."