काळ्या केकचा तुकडा

आई,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना माझा नमस्कार. मी धडधाकट आहे, पोटभर जेवतोय, मोज्यांवर मोजे चढवून झोपतोय.

स्कॉटलंडमधला हा फुटबॉल क्लब बरा आहे. शनिवारी गोलकीपरचं बोट मोडलं, तर मलाच गोलात उभं केलं. आघाडीला खेळलो, बचावाला खेळलो, आता तेवढंच राहिलं होतं. प्रशिक्षक म्हणाले, "ऑर्विल, तू कुठंही चालतोस गड्या!" सगळे हसले, मीही हसलो. पण आई, कुठंही चालणाऱ्याची जागा कुठंच पक्की नसते. नव्या कराराचं अजून कुणी बोललेलं नाही. गुडघा जरा कुरकुरतो, काळजी नको.

धाकट्या केल्रनची होडी दुरुस्त झाली का? शेजारची अर्लीनमावशी अजून टोमणा मारते का, "काय गं, तुझा लेक टीव्हीवर दिसणार तरी कधी?" म्हणावं, दिसला तरी सापडायचा नाही, दर वेळी वेगळ्याच जागी असतो.

नाताळच्या काळ्या केकची फळं रममध्ये भिजत घातलीस ना? दरवर्षी माझा तुकडा कागदात गुंडाळून कपाटात ठेवतेस, केल्रननं सांगितलंय मला.

यंदा गुंडाळू नकोस. बशीतच वाढ, मी घरी येतोय. इकडे परतायचं तिकीट मी काढलेलं नाही.

तुझा दमलेला,
ऑर्विल