सहा पूर्वज आणि एक खोकला

आत-बाशी,
रविवारच्या पाठचा दिवस

आमचे राजाबाळ यांना,

उरुमकान वहिनीचे वडीलकीचे आशीर्वाद. लेक, जावई, नातवंडं, गुरंढोरं सगळी सुखरूप असतील अशी आशा करते. गुडघे कसे आहेत? नव्या दातांनी मांस तुटतं का, की दात अजून खिशातच असतात? (साठी उलटलेल्या माणसाला वहिनी राजाबाळ म्हणते याची जावयासमोर लाज वाटत असेल तर वाटू दे. सुनेने दिराचं नाव घ्यायचं नसतं, टोपणनाव ठेवायचं असतं. ते मी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ठेवलं, तेव्हा तुम्ही माझ्या डोक्याच्या रुमालाला नाक पुसत होता. नंतर तुम्ही मोठे झालात, त्याला मी काय करू?) इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. थंडी लवकर आली, बटाटे तळघरात गेले, गाय आटली.

तुम्ही माझा फोन उचलत नाही म्हणून हे पत्र तोकमोकच्या गाडीवाल्याच्या हाती पाठवतेय. विषय आपल्या सेझिमची तिसरी इयत्ता. माझा अझामत आणि सूनबाई रशियात ट्रक आणि शिलाईयंत्र चालवतात, तेव्हा तिसरी आम्ही दोघींनीच चालवायची, आणि दोघींत मी कच्ची. या शुक्रवारी शाळेत उघडा तास आहे. सगळं गाव येऊन बसणार आणि प्रत्येक पोराने उभं राहून आपल्या सात बापांची नावं ओळीने म्हणायची. सात बाप ठाऊक नाहीत तो गुलाम, ही म्हण तुम्हाला मी शिकवायला नको. आमच्या पोरीला सहा येतात, आणि तेही येतात म्हणणं म्हणजे माझा मोठेपणा. ते कसं, हे पुढे लिहिते. आधी या महिन्यात काय काय शिकवलं ते ऐका, म्हणजे मी कोणत्या परिस्थितीत आहे ते कळेल.

महिन्याच्या सुरुवातीला गणितात वजनं आली. किलो, ग्रॅम. पोरीने तुमच्या बंधूंचा लोकर तोलायचा ताणकाटा काढला आणि घर तोलायला सुरुवात केली. पाव तोलला, मांजर तोललं, माझा बूट तोलला (डावा जड भरला, का ते देव जाणे). इथवर ठीक होतं. पण शेजारची शायीर किलोभर लोणी घेऊन आली तेव्हा सेझिमने ते तिच्यासमोरच काट्याला अडकवलं आणि आनंदाने सांगितलं, की शायीरआजी, तुमचा किलो अजून लहान आहे. शायीर तेव्हापासून आमच्याकडे चहाला येत नाही. मला त्याचं वाईट वाटायला हवं, पण लोणी खरंच कमी होतं.

मग परिसर अभ्यासात पाण्याची तीन रूपं. पाण्याची वाफ होते म्हणजे ते कुठे जातं, हे बघायला पोरीने किटली चुलीवर ठेवली आणि समोर बसून राहिली. मी गोठ्यातून येईपर्यंत पाणी गेलं होतं आणि किटलीचं बूडही त्याच्या मागे निघालं होतं. मी ओरडले, तर म्हणते, पाणी संपलं नाही आजी, हवेत आहे. म्हटलं, मग आता हवेतच चहाची पत्ती टाक. कार्यानुभवाच्या तासाला लोकर दाबून नमदा करायचा होता, मूठभर लोकर आणा म्हणाल्या बाई. घरात पोतंभर असताना या दगडाने ती जिवंत मेंढ्याच्या अंगावरून कापून नेली. आता मेंढा एका बाजूने अब्रूदार आणि दुसऱ्या बाजूने बोडका असा हिंडतो. (नातीला दगड म्हणते म्हणून तुमच्या लेकीने रागावू नये. मी सगळ्यांनाच म्हणते, माझ्या माहेरची सवय. नवी नवरी असताना मी कोणाला दगड म्हटलं की तुम्ही फिदीफिदी हसत दाराबाहेर पळायचा, त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला आजवर कळलेलं नाही.)

आणि भाषेच्या तासाला आले समानार्थी शब्द. इथेच घात झाला. एकाच वस्तूला दोन नावं असू शकतात हे ऐकून पोरगी घरी आली ती माझ्याकडे संशयाने बघतच. तिच्या लक्षात आलं, की गेली नऊ वर्षं आजी जे बोलते ते निम्मं तरी समानार्थी आहे. आता मी काय करू? सासरच्या थोरांचं नाव ज्या शब्दात आहे तो शब्दही सुनेच्या तोंडी चालत नाही. मामंजींचं नाव म्हणजे ते, जे पावसात ठेवलं की गंजतं. त्याला मी 'कडक' म्हणते. त्यांच्या वडिलांचं नाव म्हणजे आजचा वार, म्हणून माझ्या आठवड्यात रविवारच्या पाठी एक बिननावाचा दिवस असतो. त्यांच्या वडिलांच्या नावाने आपण सरपण फोडतो. आणि त्यांचे वडील म्हणजे मेंढ्यांचे व्याही, जे थंडीत डोंगरावरून न बोलावता जेवायला येतात. यातलं एकही नाव या तोंडातून आजवर गेलेलं नाही, आणि दुसरं काही नसलं तरी एवढा अभिमान मला आहे. सासूबाई मरताना म्हणाल्या होत्या, उरुमकान, तुझा भात नेहमी करपला, पण तुझी जीभ कधी घसरली नाही.

तर बाईंनी सात नावं पाठ करून आणा म्हणून सांगितलं आणि पोरगी माझ्यापुढे येऊन बसली. पहिला बाप अझामत, तो माझ्या पोटचा, त्याचं नाव मी हजारदा घेईन. दुसरे तुमचे बंधू, त्यांचं कबरीच्या दगडावर कोरलंय, जाऊन वाच म्हटलं. पुढची मी कशी सांगू? ती म्हणाली, बोलू नको, लिहून दे. म्हटलं, जीभ माझी आणि पेन काय शेजारणीचं? अझामतला फोन लावला, तर तो म्हणतो, आई, लहानपणी पाठ होतं, आता ट्रकचा नंबर पाठ आहे, काकांना विचार. गावात आपल्या घराण्यातलं दुसरं कोणी उरलं नाही. शेवटी मी तिला खुणेने सांगितलं, जसं सासूबाईंनी मला सांगितलं होतं. सातव्याची तर खूणही मला धड ठाऊक नाही. सासूबाई त्यांचा विषय निघाला की खिडकीबाहेरच्या कड्याकडे हनुवटी करायच्या आणि खोकायच्या. मीही तेच केलं. परंपरा आहे, आपल्या मनाने बदल कशाला?

मला वाटलं, पोरगी हुशार आहे, ओळखेल. पोरीला वाटलं, आजी सांगतेय म्हणजे हीच नावं. गेल्या आठवड्यात बाईंनी सराव घेतला. सेझिम उभी राहिली, वेण्या मागे टाकल्या आणि खणखणीत म्हणाली: अझामत, मग आजोबांचं नाव, मग कडक, रविवारच्या पाठचा, सरपणफोड्या, मेंढ्यांचा व्याही. मग खिडकीकडे हनुवटी केली आणि खोकली. बाईंनी आधी तिला पाणी दिलं. (बाई चांगल्या आहेत, पण ओशच्या आहेत, त्यांना आपली माणसं माहीत नाहीत.) मग वर्ग हसायला लागला तो घंटा होईपर्यंत. आता तिला पोरं खोकल्याची नात म्हणतात. ती शाळेच्या दारात शिरली की रांगेने खोकतात.

घरी येऊन रडली असती तर बरं झालं असतं. रडली नाही. चुलीजवळ दगडासारखी बसून राहिली आणि विचारलं, आजी, सातवे बाप खरंच होते ना? मी म्हटलं, नसते तर तू कुठून आली असतीस? पण भावजी, तुम्हीच बघा. आई-बाप फोनमध्ये राहतात, आजोबा कबरीत, आणि पुढचे सगळे माझ्या बंद तोंडात. पोरीने उभं कशावर राहायचं?

असो. बाकी सगळं ठीक. काळजी नसावी. थंडीत लोकरीचे मोजे घालत जा.

तुमची वहिनी

ता. क. एवढं लिहून मुद्दा राहिलाच. शुक्रवारी सकाळी तुम्ही या. ती नावं मोठ्याने घेऊ शकेल असा आपल्या घराण्यात आता एकच माणूस आहे आणि तो तोकमोकमध्ये रुसून बसलाय.

ता. क. दुसरा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं माझं वय राहिलं नाही. बंधूंच्या वर्षाच्या जेवणात तुम्हाला थोरल्याच्या मानाचं खुब्याचं हाड मिळायला हवं होतं आणि नळीचं मिळालं, हे सगळ्या गावाने पाहिलं. माझ्या भाच्याने वाढलं, त्या दगडाला मोठा कोण, धाकटा कोण हे कळत नाही. पण घर माझं होतं, तेव्हा चूक माझी. शुक्रवारी मेंढा कापतेय. खुब्याचं हाड तुमच्यासाठी. (ते बोडक्या बाजूचं आहे, पण आतून दोन्ही बाजू सारख्याच.)

ता. क. तिसरा. हे सेझिम लिहीत आहे. आजीने पाकीट चिकटवायला दिलं आहे. धाकटे आजोबा, सलाम. मला नावं सापडली. कडक म्हणजे तेमिर, लोखंड. रविवारच्या पाठचे दुयशो, सोमवार. सरपणवाले बाल्ता, कुऱ्हाड. मेंढ्यांचे व्याही बोरू, लांडगा. मी घेतली तर चालतात, मी सून नाही. सातव्याला अडले होते. मग बाबांना फोनवर विचारलं, तुमच्या आजीला खोकला होता का? बाबा म्हणाले, कायमचा, तिला दमा होता. म्हणजे खोकला नावात नाही, तो वजा करायचा. उरली हनुवटी. आमच्या खिडकीतून त्या कड्यावर दगडांशिवाय काहीच दिसत नाही. ताश. म्हणजे दगड. बरोबर आहे ना? आजी नवरी असताना तुम्ही त्यालाच हसायचा ना? (मी पत्र वाचलं.) शुक्रवारी या, मी म्हणून दाखवीन, बरोबर असेल तर मान हलवा. न खोकता म्हणीन. तेव्हा आजीला शेजारी बसवून हळू सांगा, मला सांगवत नाही. आत्ताच ती आतून ओरडली, चिकटव लवकर, दगडासारखी काय बसलीस.