ऐरण ग्रहावरचा भुसा

फरीदाबाद, मंगळवार संध्याकाळ

सुटले एकदाची! सुधीरने माझी कादंबरी वाचली आणि चिडला नाही.

आठवडाभर नुसती धडधड होती. त्याला न विचारता त्याचा अख्खा कारखाना उचलून मी दूरच्या ऐरण ग्रहावर नेऊन ठेवलाय. तिथे झाड नाही, गवत नाही. हजारो वर्षांनंतरच्या अंतराळ नौदलासाठी माणसं तिथे दिवसरात्र सुटे भाग बनवतात. त्यांचा फोरमन म्हणजे सरळसरळ सुधीर, माझा नवराच की! शेवटी पाळी सुटल्यावर तो घरी जाणाऱ्या यानात बसतो आणि यान फुटतं. का लिहिलं मी असं?

आज कामावरून आल्यावर चहा पिता पिता त्याने शेवटचं पान संपवलं.

"एक चूक आहे यार," म्हणाला. "हे लोक साबणाने हात धुतात. ग्रीस नुसत्या साबणाने निघतं होय? लाकडाचा भुसा लागतो."

"तिथे झाडंच नाहीत."

"नौदलाची जहाजं माल न्यायला रिकामी कशाला येतील? भुसा आणतील."

अच्छा! तीन वर्षं लिहितेय, हे कधी सुचलंच नाही.

मग न राहवून विचारलंच, "आणि फोरमन मरतो, ते?"

त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नखांत काळं होतंच.

"मरू दे की. पण आधी नीट हात धुऊ दे बिचाऱ्याला."

आत्ताच शेवट नव्याने लिहिला. भुशाने हात चोळता चोळता फोरमनला उशीर झाला, आणि त्याचं यान चुकलं.