कला पाहिलीस, अंतर पाहिलंस का?

प्रिय चिमणे,

तुझं पत्र पोचलं. बेटावरच्या शाळेत, तुझ्या बाबांच्याच शाळेत, तुला नेमणूक मिळाली हे वाचून मी एकटाच खुर्चीतून ताडकन उठलो आणि कशाला उठलो ते आठवेना म्हणून परत बसलो. धक्क्यावरच्या खोलीत अजून मीच असतो. छापील तक्ते आले, नवा कारकून आला, पण दाराआतला भरतीचा फळा कोणी माझ्या हातून काढून घेतला नाही. बेटाकडे जाणारी दगडी वाट उद्या किती वाजता पाण्याखाली जाणार, ते मी आदल्या संध्याकाळी खडूने लिहितो. लोक वाचतात आणि बिनघोर निघतात.

तू विचारलंस, रुजू होण्याच्या दिवशी वाट कितीला बुडेल. आणि खाली लिहिलंस, "काळजी करू नका काका, मी बाबांसारखा उशीर करणार नाही." त्या एका ओळीपाशी माझा चहा गार झाला. तीन दिवस झाले, मी त्या ओळीच्या पुढे गेलेलो नाही.

आधी चंद्राचं सांगतो, कारण तुझा दिवस अमावास्येचा आहे. चौथीत शाळा सुटली माझी. जे शिकलो ते पाणी बघून आणि तुझ्या बाबांचं डोकं खाऊन. लोकांना वाटतं अमावास्येला चंद्र नसतो. असतो गं. दिवसभर सूर्याच्या बाजूला उभा असतो. उजेड सगळा त्याच्या पाठीवर, आणि काळोखं तोंड आपल्याकडे. दिसत नाही, पण पाणी ओढतो. शिवाय तो फिरताना कधी जवळ येतो, कधी लांब जातो. साधारण दर साडेतेरा महिन्यांनी अमावास्या आणि जवळचा चंद्र एकाच दिवशी गाठ घालतात. त्या दिवशी भरती नेहमीपेक्षा उंच चढते आणि वाट अर्धा तास आधीच गिळते. वर आभाळात काही नाही, आणि खाली समुद्र कोणाच्या तरी हाकेला उठल्यासारखा येतो. इतकी वर्षं झाली, तरी त्या दिवशी मी खिडकीकडे पाठ करून बसतो.

तुझे बाबा गणिताचे मास्तर. रोज सकाळी सायकल दाराबाहेर टेकवून फळ्यावरचा माझा हिशेब तपासायचे आणि म्हणायचे, "दादा, कला पाहिलीस, अंतर पाहिलंस का?" बरोबर असेल तर कोपऱ्यात लांब शेपटीची खूण करायचे, पोरांच्या वहीत करतात तशी. मी चिडायचो. म्हणायचो, थोरल्या भावाला मार्क देतोस, उद्या कान धरून उभं करशील! तो हसून घंटी वाजवत वाटेला लागायचा. त्या दिवशी सायकल पंक्चर झाली होती, त्याला उशीर झाला. दाराबाहेरूनच ओरडला, "दादा, आज तपासत नाही, तुझ्यावर सोडलं!" तू नऊ वर्षांची होतीस. संध्याकाळी वाटेच्या मधोमध त्याला पाण्याने गाठलं. दोन दिवसांनी तो सापडला. सायकल आजवर नाही. गाव म्हणालं, मास्तर गप्पांत रमला, फळ्यावर वेळ लिहिलेली असून उशिरा निघाला. तुझी आईही तेच म्हणत आली.

आता जे लिहितो ते कोणाला सांगितलेलं नाही. वेड लागलं म्हणालीस तरी चालेल. पुढच्या वर्षी तशीच अमावास्या आली. आदल्या संध्याकाळी मी अंतर पाहून, तीनदा मोजून वेळ लिहिली आणि खोलीला कुलूप लावलं. सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात ओल्या बोटाने ओढलेली खूण होती, लांब शेपटीची. वाळली तेव्हा मिठाची पांढरी रेघ उरली. म्हटलं, छपराला ओल आली असेल. मन कशानेही समजूत घालून घेतं. पण इतर कुठल्याही दिवशी ती उमटत नाही. गाठीच्या अमावास्येलाच, दर वेळी. एकदाच उमटली नाही. त्या सकाळी मी लिहिलेला आकडाच पुसलेला होता आणि फळ्यावरून पाणी ठिबकत होतं. पुन्हा हिशेब केला, तर मी तक्त्यातली मागच्या महिन्याची ओळ धरली होती. दुरुस्त केलं आणि पाठ वळवली. पुन्हा बघितलं तेव्हा खूण होती. बाहेर वाटेवर, पाण्याच्या खालून यावी तशी, एकदाच सायकलची घंटी वाजली. मी घरी गेलो नाही.

तुम्ही सगळे तारखेने आठवण काढता. चंद्राला कॅलेंडर माहीत नाही. अठरा वर्षं आणि अकरा दिवसांनी तो पुन्हा त्याच कलेवर, जवळजवळ तेवढ्याच अंतरावर येऊन उभा राहतो. मी मोजलं आहे. तू रुजू होणार तो दिवस म्हणजे तोच दिवस, पोरी. फक्त तारीख अकरा घरं पुढे सरकली आहे.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, तेव्हा ऐक. तुझे बाबा उशिरा निघाले नव्हते. फळ्यावर मी सव्वापाच लिहिलं होतं. कला पाहिली होती, अंतर पाहिलं नव्हतं. पाणी वाटेवर चढलं तेव्हा माझ्या घड्याळात चार चाळीस झाले होते, आणि लांबून घंटी ऐकू येत होती, न थांबता. मी कोळ्यांना होडीसाठी पिटाळलं. ते धावले आणि मी खोलीत एकटा उरलो, तेव्हा मी काय केलं? सव्वापाच पुसलं आणि चार चाळीस लिहिलं. लोक जमले तेव्हा फळा बरोबर होता आणि माझा भाऊ चुकलेला होता. अठरा वर्षं मी त्याला तुझ्या नजरेत बेफिकीर ठेवला. हे पत्र आईला वाचून दाखव. मला माफ कर असं म्हणायला जीभ धजत नाही. बाबांची तेवढी माफी माग. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्या दिवशी वाट चार चाळीसला बुडेल. तू चारच्या आत अलीकडे ये, आणि माझ्यावर विसंबू नकोस, कारकुनाच्या तक्त्याशी ताडून बघ. काल संध्याकाळी इथवर लिहून कागद टेबलावर ठेवला आणि झोपलो. अमावास्येला अजून नऊ दिवस आहेत, पण त्याला तेवढा धीर निघाला नाही. सकाळी कागद ओला होता. खाली कोपऱ्यात बघ, एव्हाना वाळून पांढरी झाली असेल. बोट लावलंस तर खारट लागेल. वेळ माझ्या अक्षरातली आहे. खूण माझी नाही.

तुझाच,
थोरला काका