एका घराला एकच खातं

१६ जून
सुरत मानवलं बाई आपल्याला. उधन्यात मालतीबाईंच्या घरात दुसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली आणि मराठी शाळेत नोकरीही. परभणीहून निघताना लेक केतकी, दोन पिशव्या आणि मोबाईल, एवढंच उचललं होतं. शाळेच्या क्लार्कने डी.एड.चं प्रमाणपत्र मागितलं, पण मूळ कागद प्रशांतच्या कपाटात कुलपात. मग आठवलं, सगळं क्लाऊडवर आहे की. पाच मिनिटांत प्रिंट हातात. केतकीचे जन्मापासूनचे फोटोही तिथेच. सिमकार्ड मात्र मी पहिल्याच दिवशी बदललं. नंबर बदलला, नवरा सुटला. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, पण फळ्यावर लिहायला उजवा पुरतो.

२१ जून
केतकीला नवा गणवेश घेतला. शाळेच्या पाटीखाली उभं करून फोटो काढला. ती आता आल्यागेल्याला 'केम छो' विचारते. मालतीबाई तिला खमण ढोकळा भरवतात आणि मला रागावतात, लेकरू किती वाळवलंस म्हणून. किती दिवसांनी पोटभर हसले.

२५ जून
मोबाईलमध्ये फोटोंचं एक नवं फोल्डर दिसतंय. 'केतकी सुरत'. मी केलेलं नाही. आत तोच गणवेशातला फोटो.

संगणक शिकवणाऱ्या उज्ज्वलाबाईंना दाखवलं. त्यांनी विचारलं, खातं कुणी उघडून दिलं? प्रशांतनेच, मी म्हटलं. एका घराला दोन खाती कशाला, असं म्हणाला होता. त्यांनी मोबाईल हातात घेऊन खातं तपासलं. मग म्हणाल्या, सिम बदलून काय उपयोग, तू काढलेला प्रत्येक फोटो त्याच्याही मोबाईलवर जातोय.

इतकी कशी मी बावळट.

२६ जून
उज्ज्वलाबाई म्हणतात, आत्ताच्या आत्ता खात्यातून बाहेर पड. पासवर्ड बदलायचा तर कोड त्याच्या नंबरवर जातो. पण बाहेर पडले तर माझे कागद, लेकराची सहा वर्षं, सगळं त्याच्याकडेच राहणार. आधी उतरवून घेते म्हटलं. अकरा हजार फोटो. नेट रडतंय.

२७ जून, सकाळी नऊ
त्या फोल्डरमध्ये एक फोटो आलाय. मी न काढलेला. नवापूर स्टेशन, गुजरातच्या वेशीवरचं.

मला दिसावा म्हणूनच काढलाय. हात पिरगाळताना म्हणाला होता, केतकीला नेलंस तर ती तुला पुन्हा दिसायची नाही.

तिला शाळेत पाठवलं नाही, मीही रजा टाकली. खाली मालतीबाईंकडे ठेवलंय. तो आलाच तर आधी माझ्याकडे येऊ दे. शाळा सुटली की उज्ज्वलाबाई आम्हाला पोलीस चौकीत नेणार आहेत.

सव्वाअकरा
बारडोली, इथून तासाभरावर. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ.
बाहेर पडायला हवं. पण पडले तर तो कुठवर आला हे कसं — आंधळीच होईन मी.

साडेबारा
शाळेची पाटी.
पुरे. पडले बाहेर. कागद गेले, फोटो गेले. जाऊ देत.

एक
आता काहीच येत नाही. मोबाईल गप्प. कुठे असेल —
घर त्याला माहीत नाही. घराचा एकही फोटो काढलेला नाही. शाळेत कुणी पत्ता सांगितला नसेल तर —
उज्ज्वलाबाई फोन उचलत नाहीत.
भीती वाटतेय. खूप.
जिन्यात केतकी. हसत वर येतेय. कुणाला तरी सांगतेय, बाबा, अजून एकच मजला, आई तिथे —