बिरदेवचा अर्धा प्रबंध

धनगरवाडी, ता. माण, जि. सातारा
८ जानेवारी २०२४

चि. अंजनास रंगुबाईचे अ. उ. आ.

फोनवर मला निम्मंच ऐकू येतं, म्हणून तुझ्या दिराला, बाळासोला, लिहायला बसवलाय. सवयीनं त्यानं तुझ्या नावाआधी सौ. लिहिलं, मग खोडलं. बिरदेवला जाऊन वरीस झालं, तरी भावाचा हात अजून शिकंना.

प्रांजल सांगून गेली, की कॉलेजात रसायन शिकवणारी तिची आई आता भूगोलात पीएचडी करतीय, बापाचाच विषय घेऊन, मेंढरांच्या वाटा. आगं, लगीन होऊन आलीस तवा मेंढरू दिसलं की पदर नाकाला लावायचीस. पन्नाशीत तो वास कसा काय गोड लागला? जेवतीस का, तेवढं खरं कळव.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी सासू

सांगली
१९ जानेवारी

ती. आत्याबाईंस सा. न. वि. वि.

वास अजूनही गोड लागत नाही. पण ह्यांचा प्रबंध अर्धा राहिला, तो पुरा करायचा म्हणून शाखा बदलून प्रवेश परीक्षा दिली, माझ्या नावानं नोंदणी केली. ह्यांची तीन प्रकरणं होती तशीच नेऊन दिली. मार्गदर्शक बाईंनी परत केली. म्हणाल्या, हे बिरदेव सरांचं आहे, यात तुम्ही कुठं आहात? महिनाभरात स्वतःचं काही दिलं नाही तर नोंदणी जाईल.

रोज लिहायला बसते. ह्यांचा एक शब्द खोडला की हे आणखी थोडे गेले असं वाटतं. सोडून द्यावं म्हणते. प्रांजलला कळवू नका.

आपला हात डोक्यावर असू द्या.
आपली अंजना

धनगरवाडी
२८ जानेवारी

चि. अंजनास अ. उ. आ.

तुझं पत्र बाळासोनं दोनदा वाचलं.

मेंढीचं कोकरू मेलं की आमी तिला पोरकं कोकरू लावतो. ती जवळ घेत न्हाई. मग मेलेल्याचं कातडं काढून ह्याच्या पाठीवर बांधायचं. वासावर भुलून ती पाजती. पण चार दिसांनी ते कातडं सोडावंच लागतं गं. न्हाईतर कुजतं, आन् जित्या पिलाला किडे लागत्यात. तुझे सासरे ते सोडायचे तवा मेंढी वरडायची. वरडून झालं की पाजायची.

सांगतीय तुला, आन् मी सोता बिरदेवचा स्वेटर घालून झोपतीय. मला बोलणारं कोण न्हाई म्हणून.

बिरदेवनं त्याचं लिहिणं मला वाचून दाखवलं हुतं. वाटा समद्या बरोबर हायेत. पर बाईमाणूस त्यात न्हाई. तो सोता वाटंवरच जन्मला, मेंढरांच्या मुक्कामाचा तळ हलायच्या दिवशी. कुठं, ते त्यानं कधी इचारलं न्हाई, मीबी सांगितलं न्हाई.

कागद संपत आलाय, तवा पुरं करते.
जीव लावतीस तसाच लाव.
तुझी सासू

सांगली
३ फेब्रुवारी

ती. आत्याबाईंस सा. न. वि. वि.

ह्यांची प्रकरणं कपाटात ठेवली. दार लावायला अख्खी दुपार गेली. बाईंना सांगून आले, नव्यानं लिहिते, वाटेवर चालणाऱ्या बायांचं. रविवारी येते.

पहिला प्रश्न इथंच लिहिते, समोर बसल्यावर तोंडातून निघायचा नाही. आत्याबाई, ह्यांना कुठं जन्म दिलात?

आपली अंजना